सेइयूंच्या लाइव्हला पहिल्यांदा जाताय? सोडतीपासून शेवटच्या गाडीपर्यंत

अ‍ॅनिमे आणि गेममधल्या पात्रांना आवाज देणारे कलाकार म्हणजे सेइयू. जपानमध्ये त्यांचं काम माइकपाशी संपत नाही. ‘लव्ह लाइव्ह!’सारख्या मालिकेत पडद्यावरच्या मुली ज्या रचनेत नाचतात, त्याच रचनेत, तसेच पोशाख घालून त्यांच्या सेइयू रंगमंचावर गातात-नाचतात आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर मूळ दृश्यही चालू असतं. एखादं पाऊल चुकलं तर हॉलभर कळतं, कारण समोरच्या निम्म्या लोकांना ते नाच पाठ असतात. सेइयू मिझुकी नाना यांनी २०११ मध्ये टोकियो डोम हे अवाढव्य स्टेडियम एकटीच्या नावावर गाजवलं. ‘लव्ह लाइव्ह!’च्या पहिल्या गटाने, म्हणजे म्यूजने, ३१ मार्च आणि १ एप्रिल २०१६ ला त्याच डोममध्ये निरोप घेतला. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुढचा गट आक्वा तिथेच उभा राहिला.

पुण्यात जपानी शिकणारी मुलं किंवा नोकरीनिमित्त नुकतीच टोकियोतल्या निशिकासाईत आलेली मंडळी विचारतात, “एकदा प्रत्यक्ष बघायचंय, तिकीट कुठे मिळतं?” त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी टोकियोत राहते आणि यातून गेले आहे. एक गोष्ट आधीच सांगते. “बघू, तिथे गेल्यावर काहीतरी होईल” हे आपलं धोरण इथे साफ झोपतं. प्रत्येक पायरीचा रस्ता ठरलेला आहे आणि तो कार्यक्रमाच्या कित्येक महिने आधी सुरू होतो.

१. गट निवडा आणि घोषणांवर लक्ष ठेवा

‘लव्ह लाइव्ह!’ म्हणजे एक गट नव्हे. आक्वाने जून २०२५ मध्ये टोकियोजवळच्या बेरुना डोम या स्टेडियममध्ये शेवटचा लाइव्ह केला, त्यामुळे नव्याने येणाऱ्यांनी निजिगासाकी, लिएला किंवा हासुनोसोराकडे बघावं. निजिगासाकीत प्रत्येक मुलगी मुळात एकटीने गाणारी आहे, लिएला हा नेहमीच्या अर्थाने गट आहे आणि हासुनोसोराची कथा कानाझावा शहरात घडते. वाद्यं प्रत्यक्ष वाजवणाऱ्या सेइयू बघायच्या असतील तर ‘बँग ड्रीम!’मधले पॉपिन पार्टी आणि रोझेलिया आहेत. ‘आयडॉल मास्टर’ सगळ्यांत जुना. २००५ मध्ये तो आर्केड गेम म्हणून सुरू झाला.

सुरुवातीला एकच गट धरा. सगळ्यांची गाणी एकदम पाठ होत नाहीत आणि पाकीटही पुरत नाही.

लाइव्हची घोषणा बहुधा आधीच्या लाइव्हच्या शेवटी किंवा अधिकृत थेट प्रक्षेपणात होते. तारखा आणि हॉल त्याच वेळी कळतात. तिकिटाच्या सोडतीचा कोड कोणत्या सीडीत किंवा ब्लू-रेत मिळणार हेही तिथेच कळतं, आणि पुढची सगळी गणितं त्यावरच बसतात.

२. फोन नंबर आणि खाती

नवखे इथेच सगळ्यांत जास्त अडखळतात. तिकीट विकणाऱ्या मोठ्या सेवा तीन: इप्लस, लॉसन तिकीट आणि तिकीट पिआ. तिन्हींवर खातं फुकट उघडता येतं. पण खरेदीच्या वेळी जपानी मोबाइल नंबरवर पडताळणी मागतात, एकतर संदेशातून किंवा ठरावीक क्रमांकावर तुमच्या फोनवरून फोन लावून. पर्यटकांच्या स्वस्त सिममध्ये फक्त डेटा असतो, नंबर नसतो. ते सिम इथे निरुपयोगी.

जपानमध्ये राहत असाल तर आवाजाची सेवा असलेला नंबर घ्या आणि तोच कायम ठेवा. भारतातून अर्ज करणार असाल तर त्या कार्यक्रमासाठी परदेशी प्रेक्षकांची वेगळी विक्री आहे का ते बघा. इप्लसचं परदेशी ग्राहकांसाठी इंग्रजी पान आहे. तिथे जपानी नंबर लागत नाही आणि पैसे कार्डाने भरता येतात. प्रत्येक लाइव्ह तिथे येतोच असं नाही, पण येतो तेव्हा हाच सर्वांत सरळ मार्ग.

नाव भरतानाची एक अडचण. अर्जात नाव आणि काताकाना या जपानी लिपीत त्याचा उच्चार असे दोन रकाने असतात आणि ते पूर्ण रुंदीची अक्षरं मागतात. साध्या कीबोर्डवर टाइप केलं की लाल अक्षरात चूक दाखवली जाते, आणि चूक कशात आहे हे काही लिहिलेलं नसतं. फोनवर जपानी कीबोर्ड टाकून घ्या. नाव पासपोर्टवर किंवा निवासी कार्डावर जसं आहे तसंच भरा. वडिलांचं नाव मधे असेल तर तेही. आपल्या तीन भागांच्या नावापुढे जपानी रकाना छोटा पडतो, तेव्हा निदान आडनाव आणि पहिलं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

३. सोडत

तिकीट “पहिला येईल त्याला” असं मिळत नाही. म्हाडाच्या घरासारखी इथेही सोडत असते. फरक इतकाच, की इथे एका लाइव्हसाठी एकामागून एक बऱ्याच सोडती निघतात आणि पहिलीत लागण्याची शक्यता पुढच्यांपेक्षा जास्त असते.

पहिली फेरी डिस्कमधल्या कोडची. नव्या ब्लू-रे किंवा सीडीच्या पहिल्या आवृत्तीत एक कागद असतो, त्यावर अनुक्रमांक छापलेला असतो. एक क्रमांक म्हणजे एक अर्ज. म्हणून एकाच माणसाच्या घरी तीच ब्लू-रे पाच-सहा वेळा दिसते. हे वेड आहे, पण समजण्यासारखं वेड आहे. माझा सल्ला: एक, फार तर दोन. जुनी डिस्क विकत घेताना “पहिली आवृत्ती” असं लिहिलेलं असलं तरी आतला कोड बहुधा वापरलेला असतो किंवा त्याची मुदत गेलेली असते. दुकानदार खोटं बोलत नसतो, डिस्क खरंच पहिली आवृत्तीच असते.

दुसरी फेरी फॅन क्लबच्या सभासदांची, जिथे क्लब असेल तिथे. नंतर तिकीट सेवांच्या फेऱ्या, आणि अगदी शेवटी सर्वसाधारण विक्री. ती मात्र आधी येईल त्याला. ही विक्री बहुधा शनिवारी सकाळी दहाला उघडते, म्हणजे भारतात साडेसहा वाजता. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. अर्जाची मुदत रात्री ११:५९ ची असेल तर पुण्यात बसलेल्या माणसाला ८:२९ पर्यंतच वेळ आहे. हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवा.

अर्ज करताना हे लक्षात ठेवा:

• दोन तिकिटं मागितली तर सोबतच्या व्यक्तीचं नाव बहुतेक वेळा तेव्हाच द्यावं लागतं आणि नंतर बदलता येत नाही. “कुणीतरी येईलच” म्हणून दुसरं तिकीट मागू नका.

• दोन दिवसांचा लाइव्ह असेल तर दोन्ही दिवसांसाठी वेगळे अर्ज. दोन्ही लागले तर दोन्हींचे पैसे भरावे लागतात.

• जागा निवडता येत नाही. ती तिकीट छापून मिळतं तेव्हाच कळते, आणि छपाई कार्यक्रमाच्या थोडेच दिवस आधी सुरू होते.

तिकीट नाही लागलं तर समाजमाध्यमांवर “तिकीट आहे, थोडं जास्त” असे संदेश दिसू लागतात. तिकडे जाऊ नका. जून २०१९ पासून जपानमध्ये तिकिटांच्या बेकायदा फेरविक्रीविरुद्ध कायदा आहे: एक वर्षापर्यंत कैद, दहा लाख येनपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही शिक्षा विकणाऱ्याला, पण दारात नाव जुळलं नाही तर बाहेर उभं राहावं लागतं ते विकत घेणाऱ्याला. ज्याला खरोखर जमत नाही त्याचं तिकीट मूळ किमतीत परत घेणारी अधिकृत अदलाबदल सेवा असते. कार्यक्रमाच्या आठवड्यात ती रोज बघा. तिथे जागा उघडतात.

४. पैसे आणि तिकीट

मोठ्या लाइव्हचं तिकीट दहा हजार येनच्या आसपास किंवा त्याहून वर जातं. त्यावर सेवाशुल्क आणि छपाईशुल्क. परदेशी कार्ड कधी चालतं, कधी नाही. कार्डावर अर्ज केला असेल तर निकालाच्या दिवशी पैसे आपोआप कापले जातात, म्हणून बँकेत आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत की नाही ते आधी तपासा. कापले गेले नाहीत तर लागलेलं तिकीट रद्द होऊ शकतं.

जपानमध्ये असाल तर कोंबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या छोट्या दुकानात, रोख भरणं मला सर्वांत निर्धास्त वाटतं. निकालानंतर मोजके दिवस मिळतात आणि ती मुदत कुणी वाढवून देत नाही. लॉसनमध्ये लोप्पी नावाच्या यंत्रावर क्रमांक टाकायचा, जी पावती येते ती घेऊन अर्ध्या तासाच्या आत गल्ल्यावर जायचं. फॅमिलीमार्टमध्ये कॉपी काढायच्या यंत्रावरच तिकिटाचा पर्याय असतो. सेव्हन-इलेव्हनमध्ये यंत्राच्या भानगडीत न पडता तेरा आकडी क्रमांक गल्ल्यावर दाखवला की काम होतं.

हल्ली बरीच तिकिटं फोनमध्येच येतात. ती ज्या फोनवर उतरवली त्याच फोनवर उघडतात. स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून लाइव्हच्या तोंडावर फोन बदलू नका.

५. भारतातून येत असाल तर

महाराष्ट्र आणि गोवा मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात आणि व्हिसाचा अर्ज व्हीएफएस या कंपनीच्या केंद्रातून जातो. १ एप्रिल २०२४ पासून भारतीयांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो: एकदाच प्रवेश, ९० दिवसांपर्यंत. विमानतळावर तो फोनवर, इंटरनेट चालू ठेवून, संकेतस्थळावरूनच दाखवावा लागतो. छापील कागद किंवा पीडीएफ धरत नाहीत. मुंबईहून निघण्याआधीच त्या पानावर एकदा जाऊन बघा.

हॉटेल मात्र सोडतीच्या निकालाची वाट न बघता, तारीख जाहीर झाली त्याच संध्याकाळी घ्या. अट एकच: फुकट रद्द करता आलं पाहिजे. हॉलजवळच्या खोल्या तासाभरात संपतात किंवा दुप्पट महाग होतात. विमानाचं परत न मिळणारं तिकीट निकालाआधी काढू नका, आणि काढलंच तर तिकीट लागलं नाही तरी सुट्टी वाया जाणार नाही असा बेत आखा. आक्वाच्या कथेतलं नुमाझू शहर किंवा हासुनोसोराचं कानाझावा बघायला लाइव्हच पाहिजे असं नाही.

व्हिसासाठी “कार्यक्रमाचं तिकीट” हा आधार समजू नका. मुक्कामाचा तपशील, खर्चाची सोय आणि प्रवासाचा आराखडा नीट द्या.

६. पिशवीत काय हवं

कागदपत्रं आधी:

• मूळ पासपोर्ट (पर्यटकांसाठी) किंवा निवासी कार्ड. छायाप्रत चालत नाही.

• तिकीट किंवा तिकीट असलेला, पूर्ण चार्ज केलेला फोन, आणि पॉवर बँक.

• सोबतच्या व्यक्तीचंही ओळखपत्र. दोघांनी एकत्रच आत जायचं.

• शंभर येनची नाणी. कॉइन लॉकर अजूनही बऱ्याच ठिकाणी नाणीच मागतात.

मग पेनलाइट, म्हणजे गाण्याच्या तालावर हातात हलवायची उजेडाची कांडी. रंग बदलणारा, बटणाचा. अधिकृत पेनलाइट महाग असतो पण त्यात प्रत्येक पात्राचा अचूक रंग आधीच भरलेला असतो. साधा घेतलात तर लांबीची मर्यादा आणि उजेडाचे नियम त्या लाइव्हच्या सूचनांत वाचा. बॅटऱ्या नव्या टाका. तीन तासांच्या लाइव्हमध्ये जुन्या बॅटऱ्या नेमक्या शेवटच्या गाण्याला पिवळट पडतात.

रंगांचा अभ्यास करावाच लागतो. आक्वात चिका केशरी, हानामारू पिवळी, यू फिकट निळी. आणि रिको साकुरा गुलाबी, तर रुबी नुसती गुलाबी! या दोन गुलाबींवरून लोक अजून भांडतात. निजिगासाकीत एकेकटीची गाणी असल्याने दर चार मिनिटांनी रंग बदलावा लागतो, म्हणून बटणाचा क्रम घरी पाठ करा. अंधारात बटण दाबत बसलात तर गाणं निघून जातं.

मोडून पेटवायच्या केशरी कांड्या, ज्यांना सगळे ‘यूओ’ म्हणतात, पाचेक मिनिटंच झगझगतात आणि गाण्याच्या कळसाला काढतात. काही कार्यक्रमांत त्यांना बंदी असते. बंदी असेल तर पिशवीतही ठेवू नका.

कानातले बोळे घ्या. स्पीकरजवळ जागा आली तर माझे आभार मानाल.

शाकाहारी असाल तर खाण्याची सोय स्वतः करा. कोंबिनीतल्या भाजीसारख्या दिसणाऱ्या बहुतेक पदार्थांत माशाचा अर्क असतो. हॉलमध्ये आसनावर खायला सहसा परवानगी नसते, त्यामुळे चिवडा किंवा दशम्या बाहेरच संपवा. पाण्याची बाटली चालते, पेयाचा पत्र्याचा कॅन किंवा काच नाही.

७. कॉल शिका, पण मर्यादेत

गाण्याच्या मधे प्रेक्षक ठरलेल्या जागी “हाय! हाय!” किंवा नावं पुकारतात. यालाच कॉल म्हणतात. आक्वाच्या लाइव्हमध्ये नऊ जणी एकेक आकडा म्हणायच्या आणि दहावा आकडा सगळा हॉल ओरडायचा. साथीच्या काळात, २०२० नंतर, आवाज करायलाच बंदी होती, नुसत्या टाळ्या. ती २०२३ च्या सुरुवातीला उठली. त्यानंतर पहिल्यांदा आवाज फुटला तेव्हाचं वर्णन जुने लोक अजून डोळे पुसत करतात.

आधीच्या लाइव्हची ब्लू-रे बघत सराव करा. सगळं पाठ नसलं तरी चालतं, शेजारचा काय करतो ते बघून दुसऱ्या कडव्यापासून सूर लागतो. जे नाही करायचं ते मात्र पक्कं लक्षात ठेवा: मधल्या बोलण्यात कुणी भावुक होऊन थांबली असेल तेव्हा ओरडणं, जागेवरून उड्या मारणं, पेनलाइट डोक्याच्या वर धरून मागच्याचं दृश्य अडवणं, आणि गाण्याशी संबंध नसलेल्या आरोळ्या. फोटो-व्हिडिओ तर अजिबात नाही. फोन वर उचललेला दिसला की कर्मचारी तडक येतात, आणि आपल्याकडे गणपतीत चालतं तसं “एकच घेतो” इथे चालत नाही.

८. हॉल ओळखा

निप्पॉन बुदोकान १९६४ च्या ऑलिंपिकमधल्या जुदोसाठी बांधलं गेलं. आठ बाजू, छताला झेंडा, सुमारे चौदा हजार आसनं. जवळचं कुदानशिता स्थानक मेट्रोच्या तोझाई मार्गावर आहे, त्यामुळे निशिकासाईकरांना एकच गाडी. कुठली जागा लागली तरी मंच जवळ वाटतो, म्हणून माझा हा सर्वांत आवडता हॉल.

योकोहामातला के अरेना २०२३ मध्ये उघडला. सुमारे वीस हजार आसनं, सगळी मंचाकडे तोंड करून, आवाज उत्तम. वरच्या मजल्यांवर उतार जबरदस्त आहे आणि बाहेर पडताना गर्दी तुंबते. माकुहारी मेस्से हे मुळात प्रदर्शनाचं सपाट दालन. उंची कमी असेल तर मागच्या भागातून फक्त पडदा दिसतो. बेरुना डोमला छप्पर आहे पण बाजू मोकळ्या, म्हणून उन्हाळ्यात घामाच्या धारा आणि थंडीत कुडकुडणं. टोकियो डोमचं छप्पर आतल्या हवेच्या दाबावर उभं आहे. बाहेर पडताना दारातला वारा पाठीत ढकलतो, टोपी हातात धरा.

९. त्या दिवशी

वस्तूंची विक्री सकाळीच सुरू होते. टीशर्ट आणि पेनलाइट आधीच ऑनलाइन मागवता आले तर मागवा, नाहीतर वेळ ठरवून दिलेली रांग घ्यावी लागते. बॅज आणि अ‍ॅक्रिलिक आकृत्या बंद पाकिटात येतात. आत कोण निघेल ते नशीब. मग लोक बाहेर बसून अदलाबदल करतात, पण आवारात त्याला मनाई असेल तर ऐका.

बाहेर काही जण मोठे कापडी झेंडे घेऊन येतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून त्यावर संदेश लिहून घेतात. तुम्हाला विचारलं तर देवनागरीत लिहा. लगेच फोटो काढायला गर्दी होते.

भेटवस्तू सहसा घेत नाहीत, पत्रासाठी पेटी असते. कलाकारांच्या बाहेर पडायच्या दाराशी थांबायला सक्त मनाई आहे.

शौचालयाचं एक सांगून ठेवते. मुलींच्या गटांच्या लाइव्हला प्रेक्षकांत पुरुष जास्त, त्यामुळे लांबलचक रांग पुरुषांची असते आणि आम्ही बायका मजेत पुढे. पुरुषांनी स्थानकावरच उरकून या.

१०. परतीची वाट

शेवटचं गाणं झालं की लगेच उठू नका. विभागवार सोडतात, ध्वनिक्षेपकावर तुमच्या भागाचं नाव येईपर्यंत बसून राहायचं. वरच्या मजल्यावर असाल तर अर्धा तास सहज जातो. शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, परत जायचं असेल तर शेवटच्या गाडीचं आरक्षण करू नका, त्या रात्री तिथेच मुक्काम करा. टोकियोतल्या लोकल साधारण मध्यरात्रीपर्यंत चालतात. बेरुना डोमहून गाडी पकडायला वेळ लागतो, म्हणून परतीचे पैसे आयसी कार्डात, म्हणजे गाडीभाड्याच्या प्रीपेड कार्डात, सकाळीच भरून ठेवा. तिकीट खिडकीपुढची ती रांग वेगळीच असते.

तिकीट लागलंच नाही तर बऱ्याच लाइव्हचं सशुल्क प्रक्षेपण असतं आणि जपानमध्ये चित्रपटगृहांतही दाखवतात. प्रक्षेपण भारतात दिसतं का, हे पैसे भरण्याआधी तपासा. नंतर बघण्याची मुदत काही दिवसांचीच, आणि तीही जपानी घड्याळाने.